चौकट न धरता उठायचंय

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

प्रश्न : बाई, माझं वय ४४, वजन ७१ किलो. पुतणीनं मोबाईलवर तीस दिवसांचा व्यायामाचा कार्यक्रम लावून दिला. पहिल्याच दिवशी उड्या, बर्पी (ओणवं होऊन पाय मागे टाकायचे आणि उठून उडी), जागच्या जागी पळणं. माजघरातल्या फरशीवर अनवाणी केलं. चौथ्या दिवशी उजवा गुडघा धरला, वजन तर काट्यावर होतं तिथंच. सासूबाई म्हणतात, दिवसभर पाणी, केर, गुरं एवढं करतेस, वर ह्या माकडउड्या कशाला? मलाही आता तसंच वाटतंय. घरकाम हा व्यायाम नाही का?
(एक वाचक, संगमेश्वर तालुका)

उत्तर : सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. माकडउड्या आत्ता नकोत.

उरलेल्या अर्ध्यासाठी माझीच गोष्ट सांगते. मी शाळेत पी.टी. शिकवली, सगळी नोकरी त्यातच गेली. खरं सांगायचं तर शिट्टी मी वाजवायची आणि धावायचं मुलांनी. निवृत्त झाले आणि तीन वर्षांत नऊ किलो वाढले. घरकाम चालूच होतं हो, विहिरीवरनं दोन कळश्या रोज आणत होते. गौरीच्या जेवणाला पंगतीत पाटावर बसले, आणि उठताना हात आपसूक दाराच्या चौकटीकडे गेला. धाकट्या जावेच्या हातात सोलकढीचं भांडं होतं. ती तिथंच थांबून म्हणाली, "काय गो, पीटीची बाई मां तू?" पंगत हसली. मीही हसले, पण रात्री झोप लागली नाही.

मग लक्षात आलं ते असं. तीच कळशी, तीच विहीर, तीच वीस वर्षं. स्नायूला त्या ओझ्याची सवय झालेली असते, त्याला आणखी बळकट व्हायचं काही कारणच उरत नाही. वय मात्र दर वर्षी थोडा स्नायू काढून नेत असतं. घरकामानं हालचाल होते, ती मोजायचीच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलेला हिशोब आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा आहे. मध्यम म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतका दम. झपझप झाडलेलं खळं त्यात धरा. पण त्याच सूचनेचा दुसरा भाग आपण वाचत नाही : आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. तुमच्या दिवसात तोच नाही, माझ्याही नव्हता.

आता गुडघा. उडी मारून खाली येताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार पडतो. ७१ किलो, अनवाणी पाय, खाली कडक फरशी, आणि मांडीचे स्नायू तयार नाहीत. मोबाईलातली ती मुलगी वाईट नाही, पण ती पंचविशीतली आहे, तिच्या खाली रबरी चटई आहे आणि तुमचा गुडघा तिला दिसत नाही. पायाला सूज असेल, गुडघा अडकत असेल किंवा मधेच दगा देत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, मग पुढचं वाचा.

मी काय केलं ते सांगते. पडवीत लाकडी बाक आहे, साधारण दीड फूट उंच. हात छातीवर दुमडून त्यावर बसायचं आणि हाताचा आधार न घेता उठायचं. बसताना धपकन टाकून द्यायचं नाही, तीन आकडे मोजत खाली जायचं. आठ वेळा केलं की मिनिटभर थांबा, अशा तीन फेऱ्या. बाक जड जात असेल तर त्यावर घडी केलेली गोधडी ठेवा, उंची वाढते. सोपं झालं की गोधडी काढा, मग बाकाऐवजी स्टूल, आणि बऱ्याच महिन्यांनी पाट.

दुसरा जोर, पण भिंतीवर. हातभर लांब उभं राहून तळवे भिंतीला, शरीर फळीसारखं सरळ, नाक भिंतीजवळ नेऊन परत. भिंत जमली की स्वयंपाकाच्या ओट्याची कड, मग खाट, मग जमीन. मी पावणेदोन वर्षांनी खाटेपर्यंत पोचले आहे आणि मला घाई नाही.

तिसरं पाच किलो तांदळाच्या पिशवीचं. एक हात बाकावर टेकून वाकायचं, दुसऱ्या हातानं पिशवी बरगडीपर्यंत ओढायची, जशी विहिरीची दोरी ओढतो. पिशवीचे बंद आधी ओढून बघा. माझा एक तुटला आणि सगळे तांदूळ पडवीभर. शेजारची कोंबडी त्या दिवशी भलतीच खूश होती. चौथं, उताणं झोपून गुडघे दुमडायचे आणि कंबर उचलायची, दहा वेळा. कमरेचं दुखणं असलेल्या बायकांना यानं फार बरं वाटतं, मात्र उचलताना पोट आत ओढलेलं हवं.

एवढं सगळं वीस मिनिटांत होतं. सोमवार आणि गुरुवार घ्या, किंवा तुमच्या बाजाराचे दिवस सोडून कुठलेही दोन. किती वेळा करायचं याची माझी खूण सोपी आहे : थांबताना "अजून दोन झाले असते" असं वाटलं पाहिजे. "अजून दहा झाले असते" वाटलं तर ओझं वाढवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतील, जिना उतरताना आईगं होईल, त्याला घाबरू नका. सांध्यात सुई टोचल्यासारखं दुखलं तर तिथंच थांबा.

आणि पुतणीचा कार्यक्रम पुसून टाकू नका. त्यातला सेकंद मोजणारा आवाज वापरा, उड्यांच्या जागी पायरीवर चढ-उतर करा. काटा चार दिवसांत हलत नसतो. शिंप्याची टेप घ्या आणि महिन्यातून एकदा बेंबीच्या पातळीवर कंबर मोजून कॅलेंडरवर लिहा. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ मानतात. सासूबाईंचीही मोजा, त्यांना आवडेल.

प्रश्न : माझं वय २३, वजन ६० किलो. हंगामात आंब्याच्या पेट्या चढवतो-उतरवतो, संध्याकाळी घरीच डंबेल मारतो. मित्र म्हणतात प्रोटीन पावडरशिवाय अंग भरत नाही. डबा महाग आहे. माशांनी भागेल का?
(एक वाचक, देवगड)

उत्तर : भागेल, पण हिशोब करून. साध्या माणसाला दिवसाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात असं आपल्याकडचे आहारतज्ज्ञ धरतात. तुझे झाले ५०. तू वजन उचलतोस, तेव्हा ७५ ते १०० च्या मधे धर.

दोन मध्यम बांगड्यांच्या मांसातून तीस-पस्तीस ग्रॅम मिळतात. तारली त्याहून स्वस्त आणि तेवढीच गुणाची, दोन्हींत हृदयाला चांगलं असं ओमेगा-३ तेल भरपूर. सुरमई-पापलेट पाहुण्यांसाठी राहू दे. दोन अंडी म्हणजे बारा. काळ्या वाटाण्याची भरलेली वाटी सात-आठ. पाव लिटर दूध आठ. शंभर ग्रॅम कुळथात बावीस असतात खरे, पण पिठीच्या वाटीत पीठ जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम पडतं, म्हणून पिठी प्यायली म्हणजे काम झालं असं नाही. कुळथाला मोड आणून उसळ कर, ती खरी. हे सगळं मांडलं की तू ७५ च्या पुढे जातोस. फक्त सगळं दुपारच्या ताटात नको. तुमच्याकडे सकाळी घावणे आणि चहा, त्यात अंगाला लागणारं काहीच नसतं. दोन अंडी तिथं सरकव.

अडचण येते ती १ जूनला. ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद, ताजा मासा कमी आणि महाग. तेव्हा घरोघरी खारवलेला बांगडा निघतो. खा, पण रोज नको. दिवसाचं मीठ पाच ग्रॅमच्या आत हवं, आणि त्या बांगड्याचा एक तुकडा त्यातला मोठा वाटा घेतो. पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दे, थोडं कमी होतं. त्या दोन महिन्यांत अंडी, कडधान्यं, दूध वाढव.

पावडर हे विष नाही. ती दुधातलंच प्रथिन आहे, एका मापात वीस-पंचवीस ग्रॅम. पण चार बांगड्यांचे पैसे एका मापाला घालायचे असतील तर तुझा तू विचार कर. घेतलीच तर डब्यावरचा परवाना क्रमांक बघ, आणि व्यायामशाळेतल्या कुणाकडून सुटी, पुडीत बांधलेली तर मुळीच घेऊ नकोस. अंग भरतं ते ओझं हळूहळू वाढवल्यानं आणि झोपेनं. हंगामात तू चार तास झोपतोस, हे तुझ्याच पत्रात आहे.

प्रश्न : ६३ वर्षांचा आहे. साखर 'काठावर' आहे असं डॉक्टर म्हणाले. मुलगा म्हणतो भात बंद, नाचणीची भाकरी खा. भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. भात सोडू का? आणि आंबा?
(एक वाचक, गुहागर)

उत्तर : भाऊ, कोकणातल्या माणसाला भात सोडायला सांगून काय होतं ते मी घरात पाहिलंय. आमच्या ह्यांनी आठ दिवस सोडला आणि नवव्या दिवशी सगळं पातेलं संपवलं.

भात सोडू नका, मोजा. शिजलेला भात एकच सपाट वाटी, दुपारी. रात्री अर्धी किंवा नाही. सवय असेल तर उकडा तांदूळ घ्या, साखर चढायला तो थोडा सावकाश. मात्र उकड्या तांदळाची पेज तीन वाटी प्यायली तर फायदा गेला पाण्यात. ताटातला क्रम बदला : आधी पालेभाजी, कोशिंबीर, मासा किंवा उसळ, आणि भात शेवटी. पोट तोवर निम्मं भरलेलं असतं. जेवून लगेच आडवं न होता अंगणात दहा-पंधरा मिनिटं फिरा. साखर उतरवायला हे फार उपयोगी आहे आणि फुकट आहे.

नाचणी चांगली. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, दुसऱ्या कुठल्या धान्यात एवढं नसतं. पण तीही पिष्टच. तीन भाकऱ्या खाऊन 'मी भात खात नाही' म्हणणारे मला बरेच भेटतात, आणि गुळाची आंबील पिणारेही.

तुमच्या पत्रात मला भातापेक्षा जास्त खटकलं ते चहाचं. पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, सोबत खारी. चमच्याला चार ग्रॅम धरले तरी चाळीस झाले. वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, जिभेला कळत नाही. माशाच्या तळलेल्या तुकडीचंही बघा. मोठा चमचाभर तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. तव्यावर थोड्या तेलात भाजलेली तुकडी तेवढीच चवीची लागते, रवा मात्र चिमूटभर. नारळ सोडायला मी सांगणार नाही, पण चौघांच्या आमटीला अख्खा कशाला, अर्धा पुरतो.

आंबा जेवणानंतर नको, दुपारी चार वाजता एखादा मध्यम हापूस कापून खा. वाटीभर आमरस आणि पुरी वेगळी गोष्ट आहे, ती अक्षय तृतीयेला. साखरेची गोळी चालू झाली असेल तर यातलं काहीही बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला, मी पीटीची बाई आहे.

प्रश्न : किनाऱ्यावर अनवाणी चालणं चांगलं ना? आणि पावसात कुठे चालायचं?
(एक वाचक, वेंगुर्ला)

उत्तर : सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या वेळी चाला, ओली वाळू घट्ट असते. सुक्या वाळूत पोटऱ्या लवकर थकतात, नव्या माणसानं दहा मिनिटांवर जाऊ नये. किनारा समुद्राकडे उतरता असतो, म्हणजे एक पाय सतत खाली. जिथून गेलात त्याच रेषेनं परत या, दुसऱ्या पायालाही वाटा मिळतो. भरती-ओहोटी रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, तेव्हा 'रोज सकाळी सहा' असं वेळापत्रक समुद्राला मान्य नसतं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भल्या सकाळी ओहोटी मिळते, अष्टमीला त्याच वेळी पाणी वर असतं. मधुमेह असेल तर अनवाणी नको. पायाला शिंपला लागलेला कळत नाही आणि जखम चिघळते.

पावसात पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, विसरा. शेवाळलेल्या जांभ्यावरून मी एकदा बसून घसरत खाली आले, हातात छत्री उघडीच. पडवी बारा पावलांची असेल तरी पुरते. माझी अकरा पावलांची आहे, दीडशे खेपा होतात. रेडिओ लावते, बातम्या संपल्या की चालणं संपतं. वीज गेली तर मनात मोजते, आणि शंभरच्या पुढे हमखास चुकते.