कमी खर्चात अमेरिकी डॉलरची नाणी जमवायची आहेत, कोणती मालिका घ्यावी?

2009 पासूनची नेटिव्ह अमेरिकन (अमेरिकेतले मूळ रहिवासी) डॉलर मालिका घ्या. दर्शनी बाजूला पाठीवर तान्हं बाळ घेतलेली सकागविया (लुईस-क्लार्क शोधमोहिमेला साथ देणारी आदिवासी तरुणी) कायम असते आणि मागचं चित्र दरवर्षी बदलतं. 2009 च्या नाण्यावर मका, घेवडा आणि भोपळ्याच्या शेतात बी पेरणारी बाई आहे, 2018 ला खेळाडू जिम थॉर्प, 2019 ला अवकाश मोहिमा. (मला स्वतःला पहिलंच जास्त आवडतं.)

स्वस्त असण्याचं कारण साधं आहे. चांदीचा अंशही नाही, तांब्याच्या गाभ्यावर मँगनीज-पितळेचा मुलामा, त्यामुळे मोठे संग्राहक ढुंकून पाहत नाहीत. 2012 पासून ही नाणी चलनासाठी पाडलीच जात नाहीत, फक्त संग्राहकांसाठी. म्हणजे गल्ल्यात सापडण्याची वाट बघू नका, सरळ नाण्यांच्या दुकानातून सुटी घ्या. दर वर्षाची एक फिलाडेल्फिया टांकसाळीची (पी) आणि एक डेन्व्हर टांकसाळीची (डी) अशी जोडी धरायची.

साल आणि टांकसाळीचं अक्षर नाण्याच्या कडेवर कोरलेलं असतं. अल्बममध्ये बसवलं की ते दिसत नाही, म्हणून आधी कड वाचा, खाली चिठ्ठी लावा, मगच आत सरकवा. आणि बोटं लावू नका, या पितळावर काळपट तपकिरी डाग फार लवकर चढतात.

फक्त भाव वाढेल या आशेने घेऊ नका. अपवाद 2015 च्या 'डब्ल्यू' (वेस्ट पॉइंट टांकसाळ) अक्षराच्या नाण्याचा. ते मर्यादित संचातच आलं होतं, त्यामुळे महाग पडतं. ते शेवटी घ्या.