माउलींचा मार्ग की तुकोबांचा?

प्रश्न : मी ५४ वर्षांची, यजमान ५९. यंदा पहिल्यांदाच वारीत चालणार आहोत. पुण्यातून निघू, रजा पाचच दिवसांची. यजमानांचा उजवा गुडघा अधूनमधून दुखतो. दिवे घाट झेपणार नाही, त्यापेक्षा तुकोबांच्या पालखीबरोबर सपाटीने जा, असं काही जण सांगतात. काय करावं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, घाटाला भिऊन मार्ग ठरवू नका. दोन्ही पालख्या हडपसरला वेगळ्या होतात. तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोर, यवत, वरवंड, उंडवडी करत बारामतीला जाते. रस्ता बराचसा सपाट, पण पाच दिवस रोज नवा मुक्काम. माउलींची पालखी पहिल्याच दिवशी सासवड गाठते. तीसेक किलोमीटरचा हा सगळ्यात लांब टप्पा, त्यातच दिवे घाट. पण सासवडला दोन मुक्काम असतात, म्हणजे मधला अख्खा दिवस विश्रांती. पुढे जेजुरी सुमारे १६, वाल्हे १२ आणि मग नीरा ओलांडून लोणंद २० किलोमीटर. तुमचे पाच दिवस लोणंदला पुरे होतात. दुखऱ्या गुडघ्याला ही विश्रांती सपाटीपेक्षा मोलाची, म्हणून आम्ही माउलींचाच मार्ग सुचवू.

दुसरं म्हणजे जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद ही चारही स्टेशनं पुणे-मिरज लोहमार्गावर आहेत. पाय बोलायला लागला तर पुढच्या गावी गाडी धरून परतता येतं.

घाट चढताना गुडघ्यापेक्षा दम जास्त लागतो. गुडघ्यावर खरा भार उतारावर येतो. इथे आपण चढतो, ही जमेची बाजू. रथाजवळच्या गर्दीत मात्र तासन्‌तास रखडत उभं राहावं लागतं आणि त्यानेच पाय भरून येतात. पहाटे निघून घाटाच्या पायथ्याच्या वडकीपर्यंत पुढे जा आणि घाट ऊन चढायच्या आत संपवा. निघण्याआधी महिनाभर रोज चाला. शेवटच्या आठवड्यात एका दिवसात २० किलोमीटर जमले नाहीत, तर हट्ट नको. विश्रांतीच्या दिवशी बसने सासवडला या आणि तिथून जेजुरीकडे चाला. पालखीच्या दिवशी घाट वाहनांना बंद असतो, त्या दिवशी बोपदेव घाटाने यावं लागतं.

दिंडीत आधी नाव नोंदवून भिशी, म्हणजे जेवणखर्चाची वर्गणी, भरा. दिंडीचा क्रमांक आणि सामानाच्या ट्रकचा नंबर दोघांनी वेगवेगळा लिहून ठेवा, कारण चुकामूक हमखास होते. औषधं, गुडघ्याचा पट्टा आणि कोरड्या मोज्यांचा एक जोड खांद्यावरच्या पिशवीत हवा. ट्रक गर्दीत अडकला की रात्री उशिरा पोचतो. नवे बूट नकोत. पावसात भिजलेला मोजा तसाच राहिला की टाचेला फोड येतो. दर विसाव्याला पाय पुसून खोबरेल लावा. आलेला फोड फोडू नका.

रिंगण, म्हणजे वारकऱ्यांमधून अश्व धावतो तो सोहळा, मात्र या पाच दिवसांत दिसणार नाही. माउलींचं पहिलं उभं रिंगण लोणंदच्या पुढे, चांदोबाचा लिंब इथे होतं. रजा एका दिवसाने वाढली तर तो दिवस याच्यासाठीच ठेवा. तिथीच्या क्षयवृद्धीने मुक्काम पुढेमागे होतात, म्हणून रजेचा अर्ज यंदाचं वेळापत्रक पाहूनच द्या.