‘नेटिव्ह आयरिश’ला मराठीत काय म्हणावं?

मध्ययुगीन आयर्लंडमधल्या इंग्रजांनी वसवलेल्या शहरांवर मराठीत लिहिताना ‘नेटिव्ह आयरिश’साठी कोणता शब्द घ्यावा, असं एका ताईंनी विचारलंय. त्यांचं वाक्य असं आहे: ‘मूळ रहिवासी असलेले आयरिश लोक गावकुसाबाहेर आयरिशटाउनमध्ये राहत.’ ‘मूळ रहिवासी’ऐवजी ‘एतद्देशीय’ बरा का, ही त्यांची शंका.

मला दोन्ही शब्द अपुरे वाटतात. ‘एतद्देशीय’ म्हटलं की आपल्याला एकोणिसाव्या शतकातली मुंबई आठवते, साहेब आणि नेटिव. ‘मूळ रहिवासी’ म्हटलं की प्रश्न फक्त कोण आधी आलं एवढाच उरतो. पण १३०० च्या सुमारास आयर्लंडमध्ये जन्मलेले आणि तिथेच तीन-चार पिढ्या काढलेले इंग्रजही होते, आणि कायद्याने ते इंग्रजच राहिले. जन्म कुठला, यावर तिथलं काही ठरत नव्हतं.

ठरत होतं ते ‘हिबर्निकस’ या लॅटिन शब्दावर. शब्दशः अर्थ ‘आयरिश’, पण राजाच्या न्यायालयात तो दर्जा होता. समजा एखाद्याने जमीन बळकावल्याची फिर्याद केली. प्रतिवादीने एवढंच म्हणायचं: हा हिबर्निकस आहे, पाच कुळांपैकी नाही, याला उत्तर देणं मला लागत नाही. ते खरं ठरलं की फिर्याद तिथेच संपली, जमीन कोणाची हा प्रश्न निघतच नसे. ती पाच कुळं म्हणजे ओ’नील, ओ’कॉनर, ओ’ब्रायन, ओ’मेलाघलिन आणि मॅकमरो ही राजघराणी. बाकीच्यांना इंग्रजी कायद्याचा हक्क राजाकडून सनदेने, बहुधा पैसे मोजून, मिळवावा लागे. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे आयर्लंडच्या दप्तरांत ‘हिबर्निकस’ आणि ‘नॅटिवस’ हे शब्द एकमेकांच्या जागी येतात. ‘नॅटिवस’ म्हणजे जन्माने बांधलेला कुळवाडी. ‘नेटिव्ह’चा उगम त्याच लॅटिन शब्दात आहे.

म्हणून माझं मत: कायद्याचा संदर्भ असेल तिथे ‘हिबर्निकस’ तसाच ठेवा आणि एकदा अर्थ सांगा. भाषा, चालीरीती, कुळ यांबद्दल बोलत असाल तर ‘गेलिक आयरिश’ (गेलिक म्हणजे आयरिश भाषेचं आणि ती बोलणाऱ्या समाजाचं). ही सीमा पुसली जाईल ही धास्ती राज्यकर्त्यांना सतत होती. १३६६ च्या किलकेनीच्या कायद्यांनी तिथल्या इंग्रजांना आयरिश बोलायला आणि आयरिशांशी लग्न करायला मनाई केली. १४६५ मध्ये उलट बाजूने हुकूम आला: डब्लिन, मीथ, लाउथ आणि किल्डेअर परगण्यांत इंग्रजांमध्ये राहणाऱ्या आयरिशांनी इंग्रजी पेहराव करावा आणि इंग्रजी आडनाव घ्यावं. ते एखाद्या गावाचं, रंगाचं, धंद्याचं किंवा हुद्द्याचं असावं. ट्रिम, ब्राउन, स्मिथ, कुक अशी उदाहरणंच त्यात दिली आहेत. मॅक गोवन म्हणजे लोहाराचा मुलगा. त्याचा स्मिथ झाला की कागदावर त्याला आयरिश म्हणून ओळखायचं कसं? पुढे १५१८ मध्ये गॉलवे शहराने नियमच केला की कुणा ‘ओ’ने वा ‘मॅक’ने आमच्या रस्त्यांतून मिरवू नये.

आता ‘गावकूस’. हा शब्द मात्र कृपा करून काढा. आपल्याकडे ‘गावकुसाबाहेर’ म्हटलं की अस्पृश्यतेचा सगळा इतिहास डोळ्यांपुढे येतो, आणि तो तिकडे लावणं दोन्ही इतिहासांवर अन्याय आहे. शिवाय वस्तुस्थितीही वेगळी होती. लिमरिकचं आयरिशटाउन नदीपलीकडे होतं, पण पुढे त्याला स्वतःची तटबंदी झाली. किलकेनीचं आयरिशटाउन सेंट कॅनिसच्या कॅथेड्रलभोवतीचं, बिशपच्या ताब्यातलं गाव. मुख्य शहरापासून ब्रेगाघ ओढ्याने वेगळं, आणि त्याचा नगरकारभार एकोणिसाव्या शतकापर्यंत स्वतंत्र होता. त्याला ‘वस्ती’ म्हणणंही कमीच. ‘आयरिशटाउन’ हे विशेषनाम आहे, तसंच राहू द्या. फोड करायचीच तर ‘जोडशहर’ म्हणा.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘शहरांत आणि त्यांना लागून असलेल्या आयरिशटाउनमध्ये गेलिक आयरिश राहत, पण सनद नसेल तर न्यायालयात ते हिबर्निकस ठरत.’