पडत्या बाजारात बाबांची पुंजी

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. बाबांच्या पीएफचे ३४ लाख गेल्या वर्षी इक्विटी फंडांत घातलेस, आज त्यातले २७ दिसतात. काही बाजाराने खाल्ले, काही एसडब्ल्यूपीतून, म्हणजे फंडातून दर महिन्याला ठरावीक रक्कम काढायच्या सोयीतून, घरखर्चाला गेले. सगळं काढून घेऊ की गप्प बसू, असं विचारलंयस. दोन्ही नको. आधी एसडब्ल्यूपी बंद कर आणि मग पुढचं वाच.

तुझी एसआयपी आणि बाबांची एसडब्ल्यूपी दिसायला सारखीच, महिन्याची ठरावीक रक्कम, तू फंडात भरतोस आणि ते काढतात. पण बाजार पडला की तुला त्याच पाच हजारांत जास्त युनिट मिळतात आणि बाबांची त्याच रकमेसाठी जास्त युनिट विकली जातात. एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, १०० असताना तीस हजारांसाठी ३०० युनिट जातात, ६० झाली की ५००. उद्या बाजार वर आला तरी विकलेली युनिट परत येत नाहीत. "लाँग टर्ममध्ये सगळं भरून निघतं" हे वाक्य तुझ्या पैशांना लागू आहे, बाबांच्या नाही.

कागद घे आणि मांडून बघ. ५० लाख आहेत, दर वर्षाच्या सुरुवातीला ४ लाख काढायचे. चार वर्षांत बाजार अनुक्रमे ३० टक्के पडला, १० टक्के पडला, २० टक्के चढला, ४० टक्के चढला. चौथ्या वर्षाअखेर ३० लाख ३२ हजार उरतात. आता हीच चार वर्षं उलटी लाव, म्हणजे आधी चढ आणि मग पडझड. उरतात ४० लाख ३४ हजार. बाजार तोच, काढलेले पैसे तेवढेच, आणि फरक १० लाखांचा. काहीच काढलं नसतं तर दोन्हीकडे सारखीच रक्कम राहिली असती, ५२ लाख ९२ हजार. नुसत्या पडझडीने निवृत्त माणसाचं जेवढं नुकसान होत नाही, तेवढं पडझडीत पोटासाठी विकावं लागल्याने होतं. सुरुवातीच्या चार-पाच वर्षांत तर फारच.

तुझ्या वयाच्या मुलांनी मोठी पडझड म्हणून २०२०ची पाहिली. २३ मार्चला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी कोसळला आणि नोव्हेंबरात जानेवारीच्या वर गेलासुद्धा. त्यामुळे सात-आठ महिने कळ काढली की झालं, असा सगळ्यांचा समज झालाय. मी बँकेत असताना जे बघितलं ते वेगळं होतं. एप्रिल १९९२मध्ये सेन्सेक्स साडेचार हजारांच्या घरात होता. मधे दोनदा त्याने डोकं वर काढलं, पण एप्रिल २००३मध्ये तो तीन हजारांच्या आसपासच होता. अकरा वर्षं! त्या काळातले निवृत्त लोक तगले, कारण त्यांना बाजाराची गरजच नव्हती. जानेवारी २०००पर्यंत पीपीएफलाच १२ टक्के मिळत होते. जपानचं उदाहरण तर घाबरवणारंच आहे. डिसेंबर १९८९चा निक्केईचा, म्हणजे तिथल्या सेन्सेक्सचा, उच्चांक मोडायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. आपल्याकडे तसं होईल असं मी म्हणत नाही. पण किती वर्षं लागतील हे कोणालाच माहीत नसतं, म्हणून घरातलं किराणा सामान त्या उत्तरावर अवलंबून ठेवायचं नाही.

आता तुमच्या घरचा हिशेब. महिन्याचा खर्च ३२ हजार, ईपीएसची पेन्शन ३ हजार. म्हणजे २९ हजारांची सोय करायची. कंपनीने रखडवलेले ग्रॅच्युइटीचे आणि रजेचे १६ लाख गेल्या महिन्यात आले आणि अजून बचत खात्यात पडून आहेत, हे तू शेवटच्या ओळीत सहज लिहिलंयस. खरी बातमी तीच आहे.

त्यातले १२ लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. बाबा ५९चे आहेत म्हणून बसत नाहीत, असं कोणी सांगेल. बसतात. ५५ ते ६० मधला माणूस नियमाने निवृत्त झाला असेल आणि निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत भरत असेल, तर खातं उघडता येतं. हे पत्र लिहितोय तेव्हा व्याज ८.२ टक्के आहे. दर तिमाहीला २४,६०० रुपये, म्हणजे महिन्याला ८,२०० पडतात. पाच वर्षं दर तोच राहतो. व्याज करपात्र आहे, तेवढं लक्षात ठेव.

उरले महिन्याचे जवळजवळ २१ हजार, वर्षाचे अडीच लाख. चार वर्षांसाठी १० लाख बाजूला हवेत. १६ मधले ४ शिल्लक आहेतच. बाकीचे ६ लाख फंडांतून काढायचे, आज, आहे त्या भावाला. हे वाचून तुला राग येईल. तोट्यात विकायचं? हो. ठरवून एकदाच विकणं वेगळं आणि बाजार कितीही खाली असला तरी दर महिन्याच्या पाच तारखेला विकत राहणं वेगळं. शिवाय हा तोटा विवरणपत्रात वेळेवर दाखवला तर पुढची आठ वर्षं नफ्यातून वजा करता येतो. फक्त दीर्घ मुदतीचा तोटा दीर्घ मुदतीच्याच नफ्यातून वजा होतो. विकताना स्मॉल कॅप, म्हणजे छोट्या कंपन्यांचा फंड, आधी काढ. बाबांच्या वयाला तो फंड तसाही नको होता.

पहिल्या वर्षाचे अडीच लाख बचत खात्यात ठेव. बाकीच्यांच्या एक, दोन आणि तीन वर्षांच्या मुदत ठेवी कर. उरलेले २१ लाख फंडांतच राहू देत. तिकडे चार वर्षं बघायचं कारण नाही. ज्या वर्षी बाजार बरा चढलेला असेल, त्या वर्षी एका वर्षाचा खर्च काढून नवीन ठेव करायची. पडलेला असेल त्या वर्षी हात लावायचा नाही.

आता जरा स्पष्ट बोलतो. पडझड लांबली की माणसं बाजारातून निघून त्याहून वाईट जागी जातात. तुमच्या चौकातली पतसंस्था ११ टक्के देते म्हणून बाबा तिकडे वळतील. पतसंस्थेतल्या ठेवीला ठेव विमा नाही. बँकेतल्या ठेवीला आहे, सहकारी बँकेतल्याही, पण एका बँकेत एका माणसामागे व्याजासकट ५ लाखांपर्यंतच. फेब्रुवारी २०२०च्या आधी तो फक्त १ लाख होता. आणि तुझा मामा ऑप्शनमध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर पैसे लावून, महिन्यात तोटा भरून काढून देतो म्हणतोय, त्याला चहा पाज आणि घरी पाठव. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४मध्ये तीन वर्षांचा हिशेब मांडला, त्यात फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या दर १०० किरकोळ गुंतवणूकदारांपैकी ९३ तोट्यात होते. मामाचा स्वभाव बघता तो उरलेल्या सातांत असेल असं मला वाटत नाही.

बाबांच्या मोबाइलमधलं फंडाचं ॲप गुपचूप काढून टाकू का, असंही विचारलंयस. नको. कष्ट त्यांचे, पैसे त्यांचे. त्यापेक्षा चार वर्षांचा खर्च कुठून येणार ते एका पानावर मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्यासमोर ठेव. आईलाही बसव, घर तीच चालवते. फंडाचा आकडा खाली गेला तरी दूधवाल्याचे पैसे त्यातून जात नाहीत हे दोघांना पटलं की संध्याकाळची कुरबुर कमी होईल. तुझी स्वतःची एसआयपी मात्र थांबवू नकोस. तुझं वय २७ आहे, तुला हा बाजार स्वस्तात मिळतोय.

सगळ्या खात्यांवर आईचं नाव लाव, पोस्टातलं खातं दोघांच्या नावाने होतं. तिथे पॅन, आधार आणि फोटोबरोबर निवृत्तीची तारीख आणि मिळालेल्या रकमा लिहिलेलं कंपनीचं पत्रही मागतील. ज्यांनी ग्रॅच्युइटीला इतका वेळ लावला ते पत्राला किती लावतील सांगता येत नाही आणि तीन महिन्यांतला एक तर गेलाच आहे. आजच मेल टाक, आणि उद्या बाबांना प्रत्यक्ष पाठव.