एकाच घटनेची बातमी दोन देशांत इतकी वेगळी का येते? खरी कुठली मानायची?

त्यासाठी दोन देश कशाला हवेत? मी बेळगावच्या वडगावातला. वडिलांची पेपरची एजन्सी होती, पहाटे मराठी आणि कन्नड गठ्ठे एकाच कट्ट्यावर सुटायचे. शाळेत कन्नड सक्तीचं होतं, त्यामुळे दोन्ही वाचायची सवय लागली.

जुलै 2014 मध्ये येळ्ळूरचं प्रकरण झालं. येळ्ळूर हे कर्नाटकातलं मराठी गाव, तरी ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ हा फलक तिथे कित्येक वर्षं उभा होता. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून प्रशासनाने तो पाडला. गावकऱ्यांनी परत उभा केला, पोलिसांनी परत काढला, आणि लाठीमार झाला. येळ्ळूर आमच्या वडगावाला लागूनच, त्यामुळे गल्लीत दुसरा विषय नव्हता. मी दोन्हीकडचे पेपर पुढ्यात घेऊन बसलो. मराठीत पहिल्या ओळीपासून घरात घुसून केलेली मारहाण, पाठीवरचे वळ, बायकांचा आक्रोश. कोर्टाचा आदेश खाली कुठेतरी, एका वाक्यात. कन्नडमध्ये सुरुवातच आदेशाने, मग पोलिसांवरची दगडफेक, मग बंदोबस्त. मारहाणीला शेवटी दोन ओळी, त्याही ग्रामस्थांचं म्हणणं म्हणून.

यातलं खोटं काय होतं? आदेश होताच, आणि माणसांनी मारही खाल्ला होता. मराठी वार्ताहर गावातल्या घरांत जाऊन बोलला, कन्नड वार्ताहराने डीसी ऑफिस (जिल्हाधिकारी कार्यालय) आणि पोलिसांकडून माहिती घेतली. ज्याच्याशी आपल्या भाषेत बोलता येतं, त्याचीच बाजू आधी कानावर येते. शिवाय आपला पेपर कोण विकत घेतो हे संपादकाला पक्कं ठाऊक असतं. 1 नोव्हेंबरला तर दरवर्षी हेच. तो कर्नाटकाचा स्थापनादिन, म्हणजे राज्योत्सव; इथले मराठी लोक तो काळा दिन म्हणून पाळतात. मराठी पेपरच्या पहिल्या पानावर काळ्या दिनाची फेरी, कन्नडच्या पहिल्या पानावर राज्योत्सवाची मिरवणूक. शहर एक, दिवस एक.

देशांच्या बाबतीत यात सरकार उतरतं, आणि मग गोष्ट वाईट होते. 15 जून 2020 ला गलवानमध्ये चकमक झाली. आपले 20 जवान गेले हे भारताने दुसऱ्याच दिवशी सांगितलं. चीनने आपले चार सैनिक मेल्याचं कबूल केलं ते फेब्रुवारी 2021 मध्ये. तोवर तिथल्या वाचकाला स्वतःच्या सैन्याचा आकडाच मिळाला नव्हता. म्हणून ‘दोन्ही बाजू वाचा आणि मधलं खरं धरा’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. एक बाजू लपवत असेल तर मधलं धरणारा अर्धा फसतो. दोन्ही वाचायचं ते कोणी काय गाळलं हे कळण्यासाठी.

माझा पुण्यातला मावसभाऊ हे मानायला तयार नाही. येळ्ळूरच्या वेळी फोनवर मला म्हणाला, “कानडी पेपर कसले वाचतोस? तिकडचा झालास काय?” तो पुण्यात बसून सीमाप्रश्नावर भाषणं देतो, आणि राहतो मी इथे. हे मला फार लागलं होतं, अजून लागतं. दादा, कन्नड वाचतो म्हणून माझं मराठीपण उणं होत नाही. उलट समोरचा काय मांडतो हे मला तुझ्या आधी कळतं. सीमाप्रश्नासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल अंतिम आहे, असं कन्नड पेपरांत सतत येतं. ते वाचूनच मी त्या 1967 च्या अहवालात नेमकं काय आहे ते शोधलं. बेळगाव कर्नाटकात ठेवा असं त्यात आहे, पण निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला द्या असंही आहे. मग अहवाल अंतिम म्हणणाऱ्यांनी ही गावं आजवर का दिली नाहीत? हा प्रश्न मी दादाला सांगितला तेव्हा त्याने तो पहिल्यांदाच ऐकला होता.

एक राहिलं. हे सगळं मी छापील पेपरबद्दल लिहिलंय. टीव्हीवरच्या चर्चा मी कुठल्याच भाषेत बघत नाही. आणि ज्यांना दुसरी भाषा येत नाही, त्यांनी निदान त्या बाजूचा एखादा माणूस ओळखीचा ठेवावा. आमच्या गल्लीत कन्नड बोलणारे विणकर आहेत, येळ्ळूरच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याशीही बोललो होतो.