स्टेरॉइडवरील रुग्णाला दम लागतो तेव्हा

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णाच्या फुप्फुसात नवी सावली दिसली तर ती मूळ आजाराची मानावी की संसर्गाची, असे तू विचारले आहेस. उलगडा होईपर्यंत संसर्गाचीच मानावी, असे माझे ठाम मत आहे.

याच्या उलट वागण्याची चूक मी केली आहे. ल्युपसमुळे, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या आजारामुळे, मूत्रपिंडाला सूज आलेली एक तरुण रुग्ण सायक्लोफॉस्फामाइड हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध आणि रोजच्या 40 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनवर होती. कोरडा खोकला होता, ताप नाममात्र होता, एक्स-रे जवळजवळ स्वच्छ होता. खाटेवर बसल्या जागी रक्तातला ऑक्सिजन 96 टक्के दिसला म्हणून मी निर्धास्त राहिलो. सिस्टरांनी तिला व्हरांड्यात चालवून आणले, तेव्हा तोच आकडा 86 वर आला आणि तिला सलग एक वाक्यही बोलवेना. तरीही ल्युपसच बळावला असे धरून मी स्टेरॉइड वाढवले. दोन दिवसांनी ब्राँकोस्कोपीत (नळी घालून केलेल्या फुप्फुसाच्या तपासणीत) न्यूमोसिस्टिस ही फुप्फुसाला संसर्ग करणारी बुरशी सापडली. ती वाचली, पण बरेच दिवस व्हेंटिलेटरवर काढून. नंतर केसपेपर चाळला, तर त्यावर कोट्रायमोक्साझोल, म्हणजे या बुरशीला रोखणारे सल्फायुक्त औषध, मी लिहिलेच नव्हते.

एचआयव्हीच्या रुग्णांत ही बुरशी फुप्फुसात भरपूर असते आणि आजार सावकाश वाढतो. आपल्या स्टेरॉइडवरील रुग्णांत ती थोडी असूनही काही दिवसांत श्वास कोंडतो. म्हणून थुंकीत काही दिसले नाही यावर विसंबू नकोस, ब्राँकोस्कोपीच्या द्रवाचा पीसीआर (बुरशीचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) कर. रोज 20 मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन महिनाभर चालणार असेल, विशेषतः जोडीला सायक्लोफॉस्फामाइड असेल, तर प्रतिबंधक कोट्रायमोक्साझोलचा विचार पहिल्याच दिवशी व्हावा. मात्र ल्युपसमध्ये सल्फाची अॅलर्जी अधिक आढळते, आणि मेथोट्रेक्सेट या संधिवातावरील औषधाबरोबर कोट्रायमोक्साझोल अस्थिमज्जा दाबू शकते; तेव्हा रक्तपेशींवर लक्ष ठेव.

आपल्याकडे क्षयरोग तर कधीच विसरता येत नाही. स्टेरॉइडमुळे क्षयरोगासाठीची मॅन्टू ही त्वचेवरची चाचणी खोटी नकारात्मक येऊ शकते. त्यामुळे इन्फ्लिक्सिमॅबसारखे, सुप्त क्षयरोग जागा करू शकणारे औषध सुरू करण्यापूर्वी तेवढ्यावर भिस्त ठेवू नये.

ज्या रुग्णाबद्दल तू लिहिले आहेस, तिला आजच ऑक्सिमीटर लावून चालवून पाहा, एचआरसीटी (फुप्फुसाचा बारकाईचा सीटी स्कॅन) करून घे, आणि संध्याकाळपर्यंत मला फोन कर. तोवर स्टेरॉइडचा डोस वाढवू नकोस.

तुझा,
सर