कुरणाच्या कामाला नवीन येताय, तर आधी एवढं बघा

भाऊ, कुरणात माजलेलं बाहेरचं तण काढायच्या कामाला तू येतोय हे वाचून लई बरं वाटलं, धुळ्याजवळच्या लळिंगसारखी कुरणं जपायला माणसं कमीच पडतात. सुरुवातीला थोडंच सांगतो, बाकीचं काम करता करता कळेल.

१) कुठलं झाड आपलं आणि कुठलं बाहेरचं तण, हे आधी ओळखायला शीक, मग उपट. नवीन मंडळी जोशात तरवडाचं झुडूप पण काढतात, तो आपला इथलाच आहे ना! पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं एखाद्या गुराख्याकडून दाखवून घे.

२) गाजर गवत माती ओली असताना, फुलं यायच्या आत मुळासकट काढायचं, कारण एकेक झाड हजारो बिया टाकतं. हातमोजे आणि फुल बाह्या लागतातच, अंगाला फार खाज सुटते.

३) घाणेरी वरून छाटू नको, सगळ्यात जास्त चूक इथेच होते. नुसती छाटली की पुन्हा जोरात फुटते. बुडाची माती बाजूला कर, खोड आणि मूळ जुळतात तिथूनच फुटवे येतात, त्याच्या जरा खाली कुदळीने मूळ तोड आणि झुडूप उलटं करून ठेव म्हणजे मुळं मातीला टेकत नाहीत. आणि हात घालायच्या आधी काठीने हलवून बघ रे, फुरसं (विषारी साप) असू शकतं.

मोकळी झालेली जागा बघून झाडं लावावीशी वाटतील, पण माळरान म्हणजे पडीक जमीन नाही, तिथे गवतच हवं, माळढोक, तणमोर हे पक्षी अशा गवताळ माळावरच जगतात. काडी लावून साफ करायचं तर डोक्यातच आणू नको. वनजमीन असेल तर परवानगी आधी काढ. तणनाशक फवारणीचं नंतर बोलू.